मागच्या तारखेपासून आमची

"अगं, तुझे निम्मे माझ्याकडे नाहीतच," पगाराच्या बाई काचेपलीकडून म्हणाल्या आणि तिच्या हातातला कॉफीचा पेला ओठांपर्यंत जाता जाता अडला. सांडला मात्र नाही. सांडणं, धडपडणं, तारांबळ उडणं असलं काही तिच्या वाट्याला फारसं येत नसे. हात कापेल असा प्रसंग आलाच तर आधी हात खिशात घालायचा आणि मग घाबरायचं, हे तिने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. तिने सावकाश एक घोट घेतला, कॉफी नेहमीसारखीच पुचाट आहे हे ध्यानात घेतलं आणि विचारलं, "निम्मे काय?" बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ऑप्शन गं. शेअर घ्यायचा हक्क. नोकरीत आल्यावर मिळालेले आहेत माझ्याकडे. त्यांचा कर मी तुझ्या पगारातून कापणार, भरणार, उरलेलं तुझ्या हातात. पण त्याच्या आधीचे, तू बाहेरून काम करायचीस तेव्हाचे, त्यांना मी हातही लावू शकत नाही. ते पगारात धरतच नाहीत." "मग कशात धरतात?" "तुझ्या स्वतःच्या व्यवसायात," बाई म्हणाल्या. स्वतःचा व्यवसाय. हे शब्द तिच्याबद्दल कोणी वापरून कितीतरी दिवस झाले होते.

ऑफिसात तिला सगळे वाक्यवाली म्हणत. कंपनी रक्त तपासायची यंत्रं बनवायची आणि त्या यंत्रांच्या पडद्यावर जी वाक्यं उमटायची ती ही लिहायची. 'नमुना कमी आहे. पुन्हा घ्या.' 'झाकण नीट बसलेलं नाही.' 'थांबा. मोजणी चालू आहे.' एवढ्याशा वाक्यांना पगार कशाला लागतो, असं नव्या पोरांना सुरुवातीला वाटे. मग एखादा स्वतः लिहून बघे, आणि त्याचं वाक्य वाचून कोणीतरी भलतंच झाकण उघडे, की त्याची बोलती बंद. तिचा एकच हट्ट होता. जे घडलेलं नाही ते घडलं असं यंत्राने म्हणायचं नाही. एकदा विक्रीच्या लोकांनी खूप गळ घातली होती, की निकाल तयार व्हायच्या जरा आधीच 'निकाल तयार आहे' दाखवू या, गिऱ्हाईक खूश होतं. ती हसून म्हणाली होती, दाखवा की, मग वाक्यं लिहायला दुसरी बघा. या बाबतीत तिला स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पैशाच्या बाबतीत मात्र ती तितकी काटेकोर नव्हती, आणि आज तेच नडलं होतं.

तसा हा सगळा मामला सोपा. कंपनी लहान असते, तिजोरीत खडखडाट असतो, तेव्हा ती माणसांना शब्द देते: आजच्या भावाने आमचे इतके शेअर तुम्ही पुढे केव्हाही घ्या. पुढे भाव वाढला, की तुम्ही जुन्याच भावाने घ्यायचे, मधला फरक तुमचा. ज्या दिवशी घेतले त्या दिवशी तो फरक तुमची कमाई ठरते, आणि कमाई म्हटली की कर आला. आता एका मोठ्या कंपनीने यांची लहान कंपनी विकत घेतली होती आणि आज ऑफिस सुटेपर्यंत ज्याने त्याने आपापले शेअर घेऊन मोकळं व्हायचं होतं. उद्या हक्क बाद. नोकरीतल्या माणसांचे शेअर नवे मालक लगोलग विकत घेणार, कर परस्पर कापला जाणार, कुणाला कसली तोशीस नाही. बाहेरून काम करणाऱ्यांचे शेअर मात्र वर्षभर तसेच अडकून राहणार, वर्षानंतर भाव काय असेल कुणास ठाऊक, आणि कर मात्र आत्ताचा आत्ता, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खिशातून. "पण मी तर आता नोकरीत आहे," ती म्हणाली. "तू आज कोण आहेस ते कोण विचारतंय?" बाई म्हणाल्या. "दिले तेव्हा कोण होतीस ते बघतात. दिले त्या दिवशी तू बाहेरची होतीस, म्हणून ते जन्मभर बाहेरचे. तू उद्या कंपनीची मालकीण झालीस तरी."

आणि चूक तिची एकटीची नव्हती. नोकरीची ऑर्डर मिळाली त्या दिवशी तिला वाटलं होतं की मागचंही सगळं आपोआप यात आलं, एका हंड्यात दुसरा ओतावा तसं. थोरल्यांनाही तसंच वाटलं होतं. थोरले म्हणजे कंपनी काढणाऱ्या दोघा भावांपैकी मोठे. धाकटे विकण्या-बिकण्याचं बघत आणि बहुधा गावात नसत. नवऱ्याजवळ तिने सगळ्याची बेरीज करून फुशारकीही मारली होती. आता ती आपल्या टेबलाकडे चालत निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला धक्का पैशाचा बसलेलाच नाही. धक्का बसला तो या गोष्टीचा, की जी बाई आपण मागे टाकून आलो असं समजत होतो ती अजून तिथेच आहे, तिच्या नावावर मालमत्ता आहे आणि आता ती आपला कर भरायला सांगते आहे. तिला थोडं हसूही आलं. त्या बाईला ती बऱ्यापैकी विसरली होती. रोज सकाळी दारावर पाहुण्यांचा बिल्ला घ्यायचा, गळ्यात घालायचा, संध्याकाळी परत करायचा. रखवालदार ओळखीचा झाला तरी रोज विचारायचा, "कोणाला भेटायचंय?" आणि ती रोज म्हणायची, "मशीनला." झेरॉक्सचं यंत्र आणि आगीच्या वेळी उघडायचं दार यांच्या मधोमध तिचं टेबल होतं, झेरॉक्स चालू झालं की गुडघ्यांना ऊब लागायची. बैठकीत पगाराचा विषय निघाला की कोणीतरी अदबीने म्हणायचं, "जरा बाहेर बसतेस का?" मग ती जिन्यात जाऊन बसायची, आणि खोटं कशाला, तिची सगळ्यात चांगली वाक्यं जिन्यातच सुचलेली होती. कंपनीच्या त्या वर्षीच्या फोटोत सगळे आहेत, चहा देणाऱ्या काकूसुद्धा आहेत, ती नाही. कारण फोटो काढायला कोणीतरी हवंच होतं, आणि कॅमेरा तिच्या हातात दिला गेला. तिला तेव्हा वाईट वाटलं होतं का? नव्हतं वाटलं. आज मुद्दाम उकरून बघितलं तरी सापडेना. तिला उलट मजा वाटायची. ती हवं तेव्हा यायची, हवं तेव्हा जायची, थोरल्यांना तोंडावर सांगायची की हे वाक्य भिकार आहे, आणि आत बसणाऱ्यांपैकी एकाचीही तसं सांगायची छाती नव्हती.

थोरले स्वतःच आले. दुपारचे ते बूट काढून मोज्यांवर हिंडत, त्यामुळे पाठीशी येऊन उभे राहिले तरी कळत नसे. "बाई म्हणाल्या मला," ते म्हणाले. "अगं, यात एवढं काय! तू पहिल्या दिवसापासून आमचीच आहेस. एक नेमणुकीचं पत्र करून टाकू, तेव्हाच्या तारखेचं. माझी सही, तुझी सही. म्हणजे ते आधीचे पण पगारात येतील, बाई कापतील काय कापायचं ते, आणि तुझे शेअर आजच विकले जातील. कुणाचं काही जात नाही यात." ते खरोखरच तिच्या भल्यासाठी सांगत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो जरासा ओशाळलेला आनंद होता, जो दुसऱ्याला काही देताना माणसाच्या चेहऱ्यावर येतो. पत्र त्यांनी छापून आणलंही होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, वर आपलं पेन ठेवलं, आणि "घाई नाही, संध्याकाळपर्यंत दे," म्हणून मोज्यांवर निघून गेले. पहिल्या दिवसापासून आमचीच. हे ऐकून तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. कोणीतरी आपल्याला आपलं म्हणावं म्हणून आपण आतल्या आत इतकी वर्षं ताटकळत होतो की काय? छे, तसं काही नव्हतं. पण कान टवकारले गेले होते हे खरं.

तिने नवऱ्याला फोन लावला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो उगाच काचा पुसत बसे. काचा कापायचं स्वतःचं मशीन घ्यायचं त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं. त्यासाठी दोघांनी पैसे बाजूला टाकले होते, ते आता पुरेसे झाले होते. तिने त्याला सगळं सांगितलं, आधी ऑप्शनचं, मग पत्राचं. त्याने मधे मधे "हं" केलं. "म्हणजे पत्र नाही घेतलं तर कर भरायला किती जातील?" "तुझं मशीन जाईल." "अख्खं?" "अख्खं. आणि शेअरचे वर्षानंतर किती येतील ते देवाला माहीत." "देवाला कशाला मध्ये घेतेस, तो काय त्यांच्या संचालक मंडळावर आहे?" मग फडक्याने काच पुसल्याचा चिर्र आवाज तिला ऐकू आला. "ते शेअर सोडूनच दिलेस तर?" "मग कर नाही, आणि शेअरही नाहीत. फुकट काम केल्यासारखं." "तेही नको," तो म्हणाला. "मला विचारशील तर मला मशीन हवंय. पण मी म्हटलं म्हणून सही केलीस, तर म्हातारपणापर्यंत मला टोचत राहशील. तुझं तू ठरव. कसंही ठरवलंस तरी जेवायला घरी ये." तिचं त्याच्यावर प्रेम होतं ते साधारण याच कारणासाठी.

पत्र चांगलं लिहिलेलं होतं. वाक्यवालीची नजर होती तिची, तिने आधी तेवढंच पाहिलं. वाक्यं आखूड, क्रियापदं सरळ. 'सदर तारखेपासून आपण कंपनीच्या सेवेत रुजू आहात.' तारीख बघितली. आणि मग तिच्या मनाने, जे एरवी तिच्या सांगण्याबाहेर जात नसे, त्या तारखेपासून पुढे चालायला सुरुवात केली. हिवाळा. पहिलं यंत्र. झेरॉक्सची ऊब. मग तो उन्हाळा. त्या उन्हाळ्याशी येऊन ते थांबलं, आणि तिनेही त्याला पुढे ढकललं नाही. त्या उन्हाळ्यात तिची आई आजारी पडली होती, रक्ताचा आजार, आणि इस्पितळात होती. तिने कंपनीला एक ओळ कळवली होती, पुढचे काही महिने काम जमणार नाही. उलट ओळ आली, ठीक आहे, मोकळ्या झालात की कळवा. इतकंच. पैसे नाहीत, रजा नाही, चौकशी नाही. आणि तिला त्यात काही खुपलं नव्हतं. काम नाही तर पैसे नाहीत, हा व्यवहार तिनेच पत्करलेला होता. ती घरातली बचत मोडत राहिली, नवरा रोज डबा आणत राहिला, आणि ती आईच्या उशाशी बसून राहिली, कोणाची परवानगी न घेता, कोणाचे उपकार न घेता. तिच्या सबंध आयुष्यात तिने इतकं पूर्णपणे स्वतःच्या हिमतीवर दुसरं काहीच केलं नव्हतं.

त्या इस्पितळात कंपनीचंच यंत्र होतं. तिला ठाऊक नव्हतं. एका सकाळी रक्त घेणारी मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "हे मशीन भारी नखरेल आहे बाई, जरा कमी पडलं की बोंबलतं," आणि तिने वाकून पाहिलं तर पडद्यावर तिचं स्वतःचं वाक्य. नमुना कमी आहे. पुन्हा घ्या. म्हणजे आईला पुन्हा सुई. आईने दंड पुढे केला, त्यावर आता टोचायला जागा उरली नव्हती, आणि विचारलं, "काय म्हणतंय ते?" तिने वाचून दाखवलं. "कोण लिहितं गं हे असलं?" "मी," ती म्हणाली. आई आधी बघतच राहिली आणि मग जी हसत सुटली, ती खोकला लागेपर्यंत. "मग जरा गोड लिहायचंस की! आईलासुद्धा दटावतेस?" तिलाही हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिने दोन्ही होऊ दिलं, कारण आईसमोर हात खिशात घालायचं कारण नव्हतं. त्यानंतर आईने ते वाक्य सगळ्या वॉर्डात प्रसिद्ध करून टाकलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला म्हणायची, "ते मशीन बोलतं ना, ते माझ्या लेकीचं बोलणं." "नोकरीला आहे का तिथे?" म्हातारी विचारायची. आणि आई, जिला श्वास पुरत नव्हता, ती दर वेळी श्वास गोळा करून म्हणायची, "नोकरी नाही हो. स्वतःचं काम आहे तिचं." उशी सारखी करायला लावून, उठून बसून म्हणायची.

तर असं होतं. खाली पेनासाठी ठिपक्यांची रेघ होती. सही केली की मशीन येईल, शेअर विकले जातील, पगाराच्या बाई कापतील, संपलं. खोटं म्हणावं इतकं मोठं खोटं नव्हतं ते. कितीतरी चांगली माणसं याहून मोठं खोटं रोज जेवणाआधी बोलून जेवायला बसतात. पण त्या रेघेवर सही केली की मागच्या तारखेपासून असं ठरणार होतं, की त्या उन्हाळ्यात ती नोकरीत होती. म्हणजे त्या खाटेवर उठून बसून आई जे बोलत होती ते खरं नव्हतं. ती माऊली आपल्या लेकीबद्दल चारचौघांत खोटीच बढाई मारून गेली. तिला एकदम राग आला, थोरल्यांचा नाही, कराचाही नाही; त्या तारखेचा. आणि रागापाठोपाठ जे आलं ते तिला फार ओळखीचं होतं. विक्रीच्या लोकांसमोर बसलेली असताना आलं होतं तेच. एक प्रकारची थंडगार मौज. कराने तिला आज काय विचारलं होतं? तू तेव्हा कोण होतीस? नुसतं तेवढंच विचारलं होतं, आणि ते इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं. मग त्याला खरं उत्तर द्यायला काय हरकत होती. बाहेरची होते. माझं माझं काम करत होते. माझा कर मी भरते. मशीनचं तिला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. ते नवऱ्याला तोंडावर सांगायचं होतं आणि पुढच्या वर्षी घेऊन द्यायचं होतं, शेअर विकले जावोत न जावोत. ती ते करू शकत होती. तिने याहून कठीण गोष्टी केल्या होत्या.

ऑफिसात गडबड वाढली होती. जो तो पडद्याला नाक लावून आपापले शेअर घेत होता, कोणी मोठ्याने अभिनंदन करत होतं, पगाराच्या बाई काचेवर अंगठीने टकटक करून "वेळ होत आली, आटपा!" म्हणत होत्या. थोरले मोज्यांवर फिरत फिरत तिच्यापाशी आले आणि त्यांनी कोरी रेघ पाहिली. "अगं, राहिलंच की हे!" "राहिलं नाही," ती म्हणाली, "मी करत नाहीये." तिने पत्र घडी न घालता, सुरकुती न पाडता त्यांच्या हातात दिलं, वर पेनही ठेवलं. त्यांना काही उलगडा होईना. "पण का? नुकसान तुझंच आहे. वर्षभर पैसे अडकतील, वर कर भरशील तो वेगळाच." "भरीन. माझा आहे." "अगं पण आम्ही तुला आमचीच समजतो गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "बाहेरची म्हणून कधी वागवलंय का तुला?" तिला वाटलं, जिना सांगावा, फोटो सांगावा. पण तिने ते सांगितलं नाही, ते सांगण्यासारखं नव्हतंच. ती म्हणाली, "या पत्राप्रमाणे मी पहिल्यापासून तुमच्याकडे नोकरीला. मग तो एक अख्खा उन्हाळा मी आले नव्हते, तेव्हा मी कुठे होते?" "रजेवर होतीस," ते चटकन म्हणाले, अडचण सुटल्याचा आनंद झाला त्यांना. "तेही लिहू की. रजा मंजूर! आठवतंय मला, बरेच दिवस नव्हतीस. कुठे गेली होतीस, फिरायला ना?"

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. त्यांच्या डोळ्यांत निव्वळ चांगुलपणा होता आणि दुसरं काहीही नव्हतं. "माझी आई गेली त्या उन्हाळ्यात," ती म्हणाली.

थोरल्यांनी पत्र एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, मग पुन्हा पहिल्या हातात. झेरॉक्सच्या कागदांचं खोकं जवळच होतं, त्यावर ते हळूच टेकले. त्यांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि ते त्यांनी दुसऱ्या पायाने झाकलं. "मला कोणी बोललं नाही," ते म्हणाले. "तू... तू तरी सांगायचंस." "तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "चुकलं कुणाचंच नाही. मी बाहेरून काम करत होते ना." बाईंनी पुन्हा काचेवर टकटक केलं. थोरल्यांनी तिकडे हात करून त्यांना गप्प बसवलं. मग खाली बघत, नव्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काय झालं होतं त्यांना?"

"सांगते," ती म्हणाली. "आधी हे घेऊ द्या, वेळ संपेल." तिने खुर्ची पडद्याकडे वळवली. नोकरीतले शेअर तिने आधी घेतले; मग आधीच्यांपुढे, ते कोणत्या नात्याने मिळाले, असं विचारलं होतं. तिने नोकरीबाहेरच्या चौकटीवर खूण केली, सगळे घेतले, एकही सोडला नाही, आणि कर स्वतः भरणार याच्यापुढेही खूण केली. पडद्याने नक्की का म्हणून विचारलं. नक्की, तिने कळ दाबली. हात अजिबात कापला नाही. मग ती खुर्ची फिरवून त्यांच्यासमोर आली, आणि खोक्यावर अवघडून टेकलेल्या त्या माणसाकडे आपल्या पाठीमागची उशी सरकवत म्हणाली, "बसा नीट. वेळ लागेल."